आधी ब्रेक, मग इंजिन
(साक्षरता वर्गापुढे एका मोटार मिस्त्रीने केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी जुन्या गाडीविषयी बोलणार आहे. माल नेण्याच्या छोट्या मोटारीला आपण पिकअप म्हणतो. पुढे केबिन, मागे हौदा. कांदा, भाजी, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, सारे काही ती वाहते. नवी घ्यायची तर लाखांचा खर्च. मग कुणाच्या तरी मळ्यात, लिंबाखाली उभी असलेली जुनी गाडी दिसते. हौद्यात गवत उगवलेले असते, सीटवर कोंबडी अंडी घालते. आपल्या मनात येते, ही स्वस्तात मिळेल. घरीच दुरुस्त करू, म्हणजे झालं!

होईल का हे? होईल. जुन्या डिझेल गाडीत समजायला कठीण असे फार काही नसते. आपल्याकडे फार पूर्वी महिंद्रांनी मुंबईत जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीप आणि पिकअप म्हणजे जाड पत्रा, लोखंडी सांगाडा आणि नट-बोल्ट. पान्याने उघडतात, पान्याने बसतात. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याला मिळतात, पुण्यात नाना पेठेत मिळतात. इंजिनाचे घासकाम कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते. तालुक्याच्या गावीही एखादा लेथवाला असतोच.

तेव्हा काम होण्यासारखे आहे. पण ते क्रमाने करावे लागते. पहिल्यांदा काम करणारा माणूस काय करतो? तो आधी इंजिन सुरू करायला धावतो. इंजिन धडधडले की त्याला आनंद होतो. मग तो रंग देतो, आरशाला गोंडे बांधतो आणि गाडी रस्त्यावर काढतो. ब्रेकचे काय? "बघू पुढे," म्हणतो. मंडळी, इथेच घात होतो. न चालणारी गाडी कुणाला मारत नाही. न थांबणारी गाडी मारते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की आधी गाडी थांबेल अशी करा. मग चालेल अशी करा.

कागद वाचा

गाडीला हात लावण्याआधी कागद हातात घ्या. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे कारण नाही.

नोंदणीच्या कागदाला लोक आर.सी. म्हणतात. त्यावर मालकाचे नाव असते. विकणारा तोच आहे का, ते बघा. गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद तिथे असते. कर्ज फिटले असेल तर ती नोंद काढून घ्यायला सांगा.

त्याच कागदावर चासीचा नंबर असतो. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. हा नंबर लोखंडावरही ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज काढा. नंबर अंधूक असेल तर वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. अक्षरे कागदावर उमटतात. मग कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर एकेक आकडा लावून वाचा. एक आकडा जरी वेगळा आला, तरी सौदा थांबवा. गाडी चोरीची निघाली तर पैसे जातात आणि फौजदारी मागे लागते.

सौदा झाला की गाडी आपल्या नावावर करून घ्या. त्यासाठी आर.टी.ओ. कचेरीत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतात. गाडी याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. नुसत्या कोऱ्या कागदावर सह्या करून गाडी घेऊ नका.

मालाची गाडी आठ वर्षांहून जुनी असली तर दर वर्षी तिची तपासणी करून घ्यावी लागते. तिला फिटनेस म्हणतात. विमा आणि धुराचा दाखलाही लागतो. हा सारा खर्च आधीच वहीत मांडा. स्वस्त गाडी किती स्वस्त आहे, ते मग कळते.

सांगाडा ठोकून बघा

रंगावर भुलू नका. वरून कीर्तन आतून तमाशा, असे गाड्यांतही असते. खाली वाका आणि चासीवर हातोडीने हलके ठोका. ठण् असा आवाज आला तर लोखंड घट्ट आहे. बद्द आवाज आला, पापुद्रा निघाला, तर आतून गंजाने खाल्ले आहे. कोकणात खारा वारा गाडी खातो. घाटावर खत खाते. खताची गाडी धुतली नाही, की हौद्याखालचा पत्रा आणि चासी दोन्ही सडतात.

पत्रा सडला तर बदलता येतो. चासी सडली असेल, तडकली असेल, तर शिकाऊ माणसाने ती गाडी घेऊ नये.

गाडीखाली जाण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक सटकतो. गाडी उचलली की खाली लोखंडी घोडी लावा. जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग गाडी हाताने हलवून बघा. हलली नाही तरच खाली शिरा. विटांची चळत लावू नका. वीट एकाएकी फुटते.

बॅटरीची वजा खुणेची तार आधी सोडा. जोडताना तीच शेवटी जोडा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ बिडी नको, काडी नको.

वही ठेवा

शंभर पेचांतला कुठला कुठून निघाला, हे महिन्याने आठवत नाही. म्हणून एक वही करा. भाग काढला की तारीख लिहा, नाव लिहा. नाव येत नसेल तर चित्र काढा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा. विजेच्या तारांना चिंध्या बांधा आणि त्यांवर आकडे घाला. हात काम शिकतात, पण ध्यानात वही ठेवते.

गंजलेला बोल्ट निघत नसेल तर घण घालू नका. त्यावर तेल सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा बघा. जोर केला तर बोल्ट तुटतो आणि एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते.

ब्रेक

आता मुख्य काम. ब्रेक कसा लागतो? आपण पायाने पेडल दाबतो. पेडल एका नळकांड्यातले तेल ढकलते. ते तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जाते. तिथे ते लायनर दाबते आणि चाक थांबते. तेल दाबले तरी आकसत नाही. म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पण नळीत हवा शिरली तर? हवा आकसते. पेडल खाली जाते, पण चाक थांबत नाही. फुग्यावर पाय दिल्यासारखे होते.

अनेक जुन्या गाड्यांत चारी चाकांना मिळून तेलाची एकच वाट असते. एक नळी फुटली, की चारी ब्रेक गेले! म्हणून नळ्यांत काटकसर करू नका. गंजलेली लोखंडी नळी, तडे गेलेली रबरी नळी, सारे नवे घाला. नळकांड्यांतले रबर नवे घाला. लायनर झिजले असेल, त्यावर तेल सांडले असेल, तर तेही बदला.

जुन्या लायनरची धूळ फुंकू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो छातीत गेला तर पुढे मोठे आजार होतात. ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्या.

ब्रेकमध्ये ब्रेकचेच तेल घाला. इंजिनचे तेल घातले तर रबर फुगते आणि ब्रेक बिघडतो. डबाही उघडा ठेवू नका. हे तेल हवेतले पाणी शोषते. मग घाट उतरताना ब्रेक तापला, की त्या पाण्याची वाफ होते आणि ऐन उतारावर पेडल पोकळ लागते.

शेवटी हवा काढायची. हे दोघांचे काम आहे. घरातली कारभारीण किंवा मुलगा पेडलवर बसेल. तुम्ही चाकाशी बसा. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. तो पेडल दाबून धरील. तुम्ही निपल थोडे सैल करा. तेलाबरोबर बुडबुडे येतील. निपल घट्ट करा, मगच त्याला पाय उचलायला सांगा. बुडबुडे थांबेपर्यंत असेच करा. वरच्या डबीतले तेल संपू देऊ नका, नाही तर पुन्हा हवा शिरेल. चारी चाके झाली, की पेडल पायाला दगडासारखे टणक लागले पाहिजे.

हे काम पहिल्यांदा करताना जाणत्या मिस्त्रीला शेजारी उभे करा. झाल्यावर त्याच्याकडून तपासून घ्या. त्याची मजुरी ही उधळपट्टी नव्हे. स्टिअरिंगचे सांधेही त्याला दाखवा.

टायरवर इंग्रजी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना आणि तडकलेला टायर घालू नका.

मग इंजिन

बरीच वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारू नका. आधी इंजिनचे तेल काढून बघा. ते ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. मग इंजिन उघडावे लागेल. टाकीतले जुने डिझेल काढा. तळाशी पाणी आणि गाळ असतो. टाकी धुवा, फिल्टर नवा घाला. रेडिएटरमधला गंज धुऊन काढा.

मग इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवा. मोकळे फिरले तर पुढे जा. इंजेक्टरच्या नळ्या ज्याच्या त्याला जोडा. चार सिलिंडरच्या बहुतेक डिझेल इंजिनांत डिझेल पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो. नळ्यांची अदलाबदल केली तर इंजिन नीट चालणार नाही.

डिझेलच्या नळीतही हवा नको. ती पंपाने काढतात. मात्र इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. तो कातडी भोकसून आत जातो. जखम सुईएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

इंजिन सुरू झाले, की धुराकडे बघा. धूर बोलतो. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी हवेचा फिल्टर बघा. निळा असेल तर इंजिनचे तेल जळते आहे. पांढरा थंडीत थोडा वेळ येतो. तो थांबलाच नाही तर डिझेल नीट जळत नाही, किंवा आत पाणी जाते आहे.

ओझे किती?

रंग अगदी शेवटी द्या. तो वाळेपर्यंत एक गणित करा. आर.सी.वर दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे. दुसऱ्यातून पहिले वजा करा. समजा, भरलेले २,४०० किलो आणि रिकामे १,४०० किलो. उरले १,०००. यातच केबिनमधली माणसे धरायची. दोन माणसांचे १५० किलो गेले तर राहिले ८५०. म्हणजे ५० किलोच्या १७ गोण्या. अठरावी गोणी घालू नका. ती भाड्याचे थोडे पैसे देईल, पण पाटे मोडील आणि ब्रेकचा जोर तोडील.

आणि हौद्यात माणसे भरू नका. मालाच्या गाडीतून वऱ्हाड नेणे, मजूर नेणे कायद्याला मान्य नाही. हौद्यात धरायला काही नसते. गाडी वळणावर कलंडली, तर एका घरचे नव्हे, दहा घरांचे दिवे विझतात.

घाटात एक नियम पाळा. जो चढ ज्या गिअरात चढावा, तो त्याच गिअरात उतरावा. इंजिन बंद करून, गाडी मोकळी सोडून डिझेल वाचवू नका. पावशेर डिझेलापायी जीव घालवायचा का?

मंडळी, गाडी दुरुस्त करायला वेळ लागेल. सहा महिने लागोत, वर्ष लागो. उभी गाडी भाकरी मागत नाही. पहिल्या दिवशी ती रिकाम्या माळावर न्या. बैलाच्या चालीने चालवा आणि ब्रेक दाबा. थांबली? पुन्हा चालवा, पुन्हा दाबा. दहा वेळा सरळ थांबली, की मग तिला रस्ता दाखवा.

 

वाचा आणि सांगा

१. चासीचा नंबर अंधूक असेल तर तो कसा वाचावा?
२. ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर काय होते?
३. धूर निळा आला तर काय समजावे?
४. भरलेली गाडी २,६०० किलो, रिकामी १,५०० किलो आणि केबिनमधली माणसे १५० किलो. ५० किलोच्या किती गोण्या नेता येतील?