अद्वैत आणि हळदीकुंकू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत असा तुम्ही आग्रह धरलात, आणि विषयही तुम्हीच दिलात : ‘अद्वैत म्हणजे काय?’ मी काही वेदान्त शिकलेली पंडिता नाही. शिरूरच्या घरात चूल आणि मुले सांभाळताना, कीर्तनात आणि पोथीला बसून जे कानावर पडले, तेवढेच माझे भांडवल. तेव्हा मोठमोठ्या शब्दांची अपेक्षा करू नका. मी आपली घरातलीच गोष्ट सांगणार आहे.

मंडळाच्या वहीत माझे नाव कितीतरी वर्षे ‘सौ.’ने सुरू होत असे. तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. पुढे वर्गणी द्यायला आले, तेव्हा ‘सौ.’वर काट मारून वर ‘श्रीमती’ लिहिलेले दिसले. लिहिणारीला मी दोष देत नाही. रीतच तशी आहे. पण घरी जाताना मनात आले, ही काट नेमकी कोणावर बसली? पहाटे उठून सडा घातला ती मीच. परकर नेसून बिट्ट्या खेळत होते तीही मीच. मुलगी, सून, आई, सासू, विधवा ही सगळी नावे कोणाच्या ना कोणाच्या नात्याने मला मिळाली. नाते बदलले की नाव बदलले. पण ही येणारी-जाणारी नावे जिने आतून पाहिली, ती कोण? तिच्यावर तर कोणालाच काट मारता आली नाही.

भगिनींनो, वेदान्ताचा प्रश्न हाच आहे. आणि तो आपल्या जिल्ह्याला काही नवा नाही. मुकुंदराजांची समाधी आपल्याच अंबाजोगाईला आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते त्यांच्यापाशी राहोत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, संस्कृतात कोंडलेला आत्मविचार त्यांनी सामान्य माणसाच्या मराठीत आणला. म्हणजे ‘मी कोण’ हे विचारण्याचा अधिकार चुलीपाशी बसणारीलाही आहे, असाच त्याचा अर्थ मी घेते.

उत्तर काय, ते समजायला फार लांब जायला नको. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा दाखला देतो : मातीचे एक ढेकूळ नीट कळले की मातीची सगळी भांडी कळली, कारण घट आणि परळ ही नुसती नावे, खरी ती माती. आपल्या गावाच्या तर नावातच कासार आहे. तांबट-कासारांचे काम आठवा. मोडीत घातलेला तांब्या आणि घंगाळ एकाच मुशीत वितळले, मग त्यातले तांब्याचे पितळ कोणते आणि घंगाळाचे कोणते, हे कोणी सांगावे? आकार दोन होते, धातू पहिल्यापासून एकच होता. तसेच, जी माझ्यात बसून माझी नावे पाहते, तीच तुमच्यात बसून तुमची पाहते. यालाच अद्वैत म्हणतात : दुसरेपणा नसणे.

हे ऐकायला गोड वाटते. पण माणूस अडतो कुठे, ते चांगदेवांच्या कथेत फार छान सांगितले आहे. चौदाशे वर्षे तप केलेले, मोठे योगी. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच पाठवला. मुक्ताईने तो पाहिला आणि इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे म्हटल्याची आख्यायिका आहे. ज्ञानदेवांनी मग ६५ ओव्यांचे उत्तर दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. थोर योगी कुठे अडावा? लहान-मोठा या मायन्यापाशी! आणि आपण कुठे अडतो? सौ. आणि श्रीमती या मायन्यापाशी.

आता माझी चूक सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई ऐन तिशीत विधवा झाल्या. दर संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होई. तिळाचे लाडू त्या वळत, वाण त्या लावून ठेवत, आणि बायका यायच्या वेळी आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसत. कुंकवाचा करंडा हातात घेऊन मी त्या दारावरून किती वर्षे ये-जा केली! आत बोलवावे असे एकदाही सुचले नाही. त्याच श्रावणात मी अद्वैताचे कीर्तन ऐकून डोळे पुसत होते. पुढे माझ्यावर वेळ आली, आतल्या खोलीत मीही जाऊन बसले, तेव्हा त्यांनी मुकाट्याने माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली. बोलल्या एवढेच, “ये, बस.”

कोणी म्हणेल, बाई, परमार्थात सारे एक, पण व्यवहारात भेद पाळावाच लागतो. खरे आहे. मीठ ते मीठ आणि साखर ती साखर. पण भेद दोन प्रकारचे असतात. एक कामापुरता, दुसरा माणसाला खाली बसवणारा. काशीत आद्य शंकराचार्यांनी वाटेत आलेल्या चांडाळाला ‘बाजूला हो’ म्हटले, तेव्हा त्याने विचारले, असे म्हणतात, की कोणी कोणापासून दूर व्हायचे? शरीराने शरीरापासून, की आत्म्याने आत्म्यापासून? त्या प्रश्नापुढे आचार्यांनी हात जोडले. आतल्या खोलीतल्या बाईने तोच प्रश्न विचारला, तर आपण काय करणार?

हा विचार मी एकटीच करते असे नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. ठरावाने मन बदलत नाही म्हणतात. पण मनाला दार तरी उघडे सापडते.

हे सारे उमगले म्हणून माझे दुःख संपले असे नाही. संध्याकाळी ओट्यावर वहाणांचा आवाज आला की अजून मान वर होते. अद्वैत म्हणजे दगड होणे नव्हे. आपले दुःख कळल्यावर दुसरीचे आपोआप कळावे, एवढे तरी त्यातून घडले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे माझी दोन मागणी आहेत. वहीत नावाच्या आधी काही लिहू नये, नुसते नाव पुरे. आणि येत्या संक्रांतीला तबक दारापाशी फिरू लागेल तेव्हा कोणीही आत बसलेली नसावी. ज्यांना कुंकू नको असेल त्यांनी तिळगूळ घ्यावा. पण नको म्हणण्याचा अधिकार तिचा असावा, आपला नव्हे. पहिले बोट मी माझ्या जाऊबाईंना लावणार आहे. त्या आज इथे मागच्या रांगेत बसल्या आहेत. आधी पुढे या, अक्का.