तिसरी सभा आणि सुखाची झोप



१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे गावांत श्रोता मंडळांचा प्रयोग केला. त्यात अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हाही होता. आठवड्यातून दोनदा सायंकाळी गावकरी रेडिओभोवती जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. त्या काळी रेडिओचे काम माणसाला जागे करण्याचे होते. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि तोच रेडिओ उशाशी गेला. हा बदल कोणत्याही योजनेत नव्हता. तो श्रोत्यांनी घडविला.

१९५२ मध्ये नभोवाणी खाते डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे आले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली. मराठी मंत्र्यांच्या या शिस्तीचे फळ असे, की देश रेडिओ सिलोन ऐकू लागला! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिच्यावरील ‘छायागीत’ आणि ‘बेला के फूल’ या रात्रीच्या कार्यक्रमांतील संथ गीतांनी व हलक्या आवाजातील निवेदनाने अनेक घरांतील दिवे मालवले. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी दूरवर पोहोचतात, म्हणून दिवसा खरखरणारी केंद्रेही रात्री ऐकू येत.

या जिल्ह्यात मात्र सर्वांची रात्र एकाच वेळी होत नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याचा कामगार पाळीने जागतो. कृषिपंपाची वीज रात्री असली, की शेतकरी दारे धरण्यास जातो. पहाटे परतल्यावर शरीर थकलेले असते, पण मन जागेच राहते. अशा वेळी ओळखीचे गाणे उपयोगी पडते. ते लक्ष गुंतविते, पण विचार करावयास लावीत नाही. निद्रानाश असलेल्या हजारावर प्रौढांवरील १३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केला. संगीत ऐकल्याने झोपेचा दर्जा सुधारतो, असे त्यात दिसून आले. अर्थात हे औषध नव्हे. झोप कित्येक आठवडे लागत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

आवाज मंद असावा, रेडिओ आपोआप बंद होण्याची सोय असावी. मोबाईलवर ऐकावयाचे झाल्यास पडदा पालथा ठेवावा, कारण त्याचा प्रकाशच झोप लांबवितो. मध्येच कर्कश जाहिरात वाजविणारे केंद्र या कामी निरुपयोगी.

परंतु उशाशी रेडिओ कितीही हळू वाजला, तरी बाहेर कर्णा ओरडत असल्यास त्याचा काय उपयोग? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास, मोजके अपवाद वगळता, बंदी केली आहे. रात्रपाळी करून सकाळी ९ वाजता आडवा झालेल्या माणसाला मात्र या वेळेचे संरक्षण मिळत नाही. त्याच्या वस्तीवर सकाळी कर्णा किती वेळ आणि किती मोठ्याने वाजावा, हा विषय ग्रामसभेपुढे आणणे सरपंच व सदस्यांच्या हाती आहे.