पाय ब्रेकवरच होता

२३ नोव्हेंबर १९८६ च्या रविवारी अमेरिकेतल्या लाखो घरांत लोकांनी टीव्हीवर एक विलक्षण दृश्य पाहिलं. एका ऑडी ५००० मोटारीचा ॲक्सिलरेटर आपोआप खाली जात होता. त्यावर कोणाचाही पाय नव्हता. कार्यक्रम होता सीबीएस वाहिनीचा 'सिक्स्टी मिनिट्स', तिथला सर्वांत वजनदार बातमीपर कार्यक्रम. ऑडीच्या मालकांनी कॅमेऱ्यासमोर आपापली हकिगत सांगितली. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि ती सुसाट सुटली. ब्रेक जिवाच्या आकांतानं दाबला, तरी थांबली नाही. कोणाची गाडी गॅरेजच्या भिंतीत घुसली होती, कोणाच्या घरातलं माणूस गेलं होतं.

ते दृश्य घडवून आणलेलं होतं, हे प्रेक्षकांना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. एका तज्ज्ञानं त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून बाहेरून दाबाखालची हवा आत सोडली होती. तोवर ऑडीचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. १९८५ साली अमेरिकेत तिच्या सुमारे ७४ हजार गाड्या खपल्या होत्या. १९९१ मध्ये हा आकडा १२ हजारांच्या आसपास आला.

मग सरकारी चौकशी झाली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं अहवाल काढला. निष्कर्ष असा, की अशा बहुतेक अपघातांत चालकाचा पाय ब्रेकवर नव्हताच, तो ॲक्सिलरेटरवर होता. ऐकायला सोपं आहे; पण ज्या बाईच्या किंवा माणसाच्या हातून अपघात झाला, त्याला जाऊन हे सांगून पाहा. 'मी शपथेवर सांगतो, पाय ब्रेकवरच होता.' आणि तो खोटं बोलत नसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड श्मिट हे शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी त्याच वर्षी या कोड्याची उकल मांडली. मेंदू हुकूम देतो तो 'ब्रेक दाब' असाच. निवड बरोबर असते. पण तो हुकूम स्नायूंपर्यंत पोचून पाय प्रत्यक्ष उचलला जाताना दरवेळी थोडाफार फरक पडतो, आणि हजारांत एखाद्या वेळी पाऊल चार बोटं उजवीकडे पडतं. पाय कुठे पडला हे आपण बघत नाही, आपण गृहीत धरतो. गाडी उसळली की घाबरून माणूस 'ब्रेक' आणखी जोरात दाबतो. गाडी आणखी जोरात पळते. म्हणजे ब्रेक निकामी झाला, अशी त्याची खात्रीच पटते. पाय उचलून पाहावं असं त्या सात-आठ सेकंदांत सुचत नाही. ब्रेक लागत नसताना पाय काढायचा, हे कुठल्या शहाण्या माणसाला सुचेल?

यात गाडी मागे घेण्याची भर घाला. आपण मान वळवून मागे बघतो तेव्हा कंबरही वळते, आणि कमरेबरोबर पाय सरकतो. नवखी गाडी असेल, बसायची जागा नेहमीपेक्षा पुढे-मागे असेल, तर चूक आणखी सोपी. पार्किंगमध्ये असे अपघात इतके का होतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

आता 'चालकाची चूक' म्हणून इथेच फाईल बंद करता आली असती, आणि अनेकांनी केलीही. मला ते पटत नाही. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. ऑडीच्या काही गाड्यांत इंजिनाची रिकामी रेस सांभाळणारा एक भाग बिघडायचा, आणि गाडी उभी असतानाच रेस एकदम वाढायची. एवढ्यानं गाडी सुसाट सुटत नाही, पण चालक दचकतो. दचकलेला पाय चुकीच्या जागी जातो. शिवाय तिथल्या लोकांना सवय होती त्यापेक्षा या गाडीच्या पेडलांची मांडणी वेगळी होती. मग चूक एकट्या पायाची कशी? उपायही यंत्रातच सापडला. ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा 'पार्क'मधून हलूच नये, अशी कडी बसवली गेली. पाय आधी ब्रेकवर ठेवावाच लागला, आणि तक्रारी झपाट्यानं घटल्या. आज आपल्याकडच्या ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय गाडी पार्कमधून निघत नाही. त्या कटकटीमागे हा इतिहास आहे.

पण गाडी खरोखरच निर्दोष असते का दरवेळी? नाही. त्यासाठी वीस-पंचवीस वर्षं पुढे येऊ.

२८ ऑगस्ट २००९. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ सँटी नावाचं गाव. महामार्ग पोलिसांतला एक अनुभवी अधिकारी, त्या दिवशी सुट्टीवर असलेला, लेक्सस गाडीतून पत्नी, मुलगी आणि मेहुणा यांच्यासह चालला होता. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिलेली, ही विक्रेत्यानं तात्पुरती वापरायला दिलेली. ती ताशी शंभर मैलांच्या वर गेली आणि आवरेना. मेहुण्यानं पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. ते संभाषण ध्वनिमुद्रित झालं, आणि नंतर साऱ्या अमेरिकेनं ऐकलं. रस्ता संपला, गाडी धडकून खाली गेली आणि पेटली. चौघेही गेले.

हा माणूस रोज गाडी चालवणारा, पोलिसी प्रशिक्षण घेतलेला. तो पेडल चुकला, असं म्हणायला जीभ धजत नव्हती. आणि तो चुकला नव्हताच. गाडीत पायाखाली घातलेली रबरी मॅट त्या मॉडेलची नव्हती. लेक्ससच्याच दुसऱ्या, मोठ्या गाडीची जाड मॅट तिथे टाकलेली होती, आणि खाली दाबलेला ॲक्सिलरेटर तिच्या कडेत अडकून बसला. एवढंच. चौकशीत आणखी एक अंगावर काटा आणणारी गोष्ट निघाली. काही दिवस आधी तीच गाडी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला दिली होती. त्याचाही ॲक्सिलरेटर तसाच अडकला, त्यानं कशीबशी गाडी थांबवून तो सोडवला आणि परत करताना विक्रेत्याकडे सांगितलंही होतं.

मग ब्रेकनं गाडी का थांबली नाही? इथे जरा थांबू या, कारण हे प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवं. पेट्रोल गाडीचा ब्रेक हलका लागतो तो इंजिनात तयार होणाऱ्या निर्वात दाबाच्या मदतीनं. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असला की तो निर्वात दाब जवळजवळ राहत नाही. साठ्यात थोडी मदत शिल्लक असते. ब्रेक एकदा, पूर्ण ताकदीनं दाबला तर ती पुरते. पण आपण घाबरून ब्रेक दाबतो, सोडतो, परत दाबतो, आणि दोन-तीन वेळांत साठा संपतो. मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानं टोयोटा कॅमरीवर चाचणी घेतली. ताशी ७० मैलांवरून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, एकाच वेळी ठाम ब्रेक मारला, तर गाडी नेहमीपेक्षा जेमतेम सोळा फूट पुढे जाऊन थांबली. ब्रेक इंजिनापेक्षा बलवान असतो. पण एकदाच दाबला तर.

दुसरा अडथळा, किल्ली. त्या लेक्ससला फिरवायची किल्ली नव्हती, बटण होतं, आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद करायला ते बटण तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. हे उसनी गाडी घेतलेल्या माणसाला कोण सांगणार? शंभर मैलांच्या वेगात तीन सेकंद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

लेक्सस ही टोयोटाचीच गाडी. त्यानंतर टोयोटावर आभाळ कोसळलं. मॅटसाठी अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये आणखी २३ लाख, या वेळी कारण वेगळं: ॲक्सिलरेटर दाबल्यावर कधी कधी परत वर येतच नव्हता, किंवा रेंगाळत यायचा. या बिघाडाची गंमत अशी. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तारेची केबल असायची, आणि तिच्या घर्षणामुळे पायाला थोडा जडपणा जाणवायचा. नव्या गाड्यांत केबल गेली. पेडल किती दाबलं हे सेन्सर वाचतो आणि संगणकाला कळवतो. पेडल फारच हलकं झालं, म्हणून कारखान्यानं त्यात मुद्दाम एक घर्षणाचा भाग बसवला, जुन्या केबलची नक्कल करायला. तोच भाग झिजून, दमट हवेत, थंडीत चिकटायला लागला. दुरुस्ती काय, तर पोस्टाच्या तिकिटाएवढी पोलादी पट्टी.

२४ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहिले, आणि आपण फार भराभर वाढलो, असं त्यांनी कबूल केलं. पण लोकांच्या मनातला संशय मॅटवर किंवा पेडलवर नव्हता. तो अदृश्य संगणकावर होता. म्हणून सरकारनं तपासाला थेट नासाचे अभियंते बसवले. दहा महिने त्यांनी प्रोग्रॅमच्या २ लाख ८० हजारांहून जास्त ओळी चाळल्या. गाडी सुसाट सोडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. महामार्ग सुरक्षा प्रशासनानं अपघातग्रस्त ५८ गाड्यांमधल्या नोंदपेट्या वाचल्या, तर निम्म्याहून जास्त गाड्यांत ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती. श्मिट यांचं म्हणणं पुन्हा खरं ठरत होतं.

तरी प्रकरण इतकं सरळ मिटलं नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका खटल्यात दुसऱ्या तज्ज्ञानं तोच प्रोग्रॅम तपासून त्यातल्या ढिसाळ जागा ज्यूरीपुढे मांडल्या. ज्यूरीनं टोयोटाला दोषी धरून ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि मग उभय पक्षांनी समझोता केला. माझं मत विचाराल, तर या साऱ्यात सर्वांत मोठं पाप ना मॅटचं, ना पेडलचं. मॅट बदलल्या की प्रश्न सुटला, असं कंपनी लोकांना सांगत होती तेव्हा चिकटणाऱ्या पेडलची माहिती तिच्याकडे होती. या लपवाछपवीसाठी मार्च २०१४ मध्ये टोयोटानं १२० कोटी डॉलर मोजले.

आता आपल्याकडे बघू. नवी गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी आपण ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. कंपनीची मॅट खाली तशीच, वर जाड 'सेव्हन-डी' मॅट, आणि पावसाळ्यात चिखल नको म्हणून त्यावर तिसरी रबरी. दुकानदार हौसेनं बसवून देतो; पेडल खाली गेल्यावर मोकळं वर येतं का, हे तो बघत नाही, आपणही बघत नाही. सीटखालून घरंगळलेली पाण्याची बाटली, पायातून काढून ठेवलेली चप्पल, हे सगळं ब्रेकच्या मागे जाऊन बसतं, आणि मग ब्रेक खालीच जात नाही.

दुसरी गोष्ट क्लचची. आयुष्यभर क्लच दाबत गाडी चालवलेला माणूस पन्नाशीत ऑटोमॅटिक घेतो. अडचणीच्या क्षणी डावा पाय जुन्या सवयीनं क्लच शोधतो, आणि सापडतो तो ब्रेक, किंवा उजव्या पायाचा गोंधळ होतो. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टच्या मार्गावरची विजेवरची बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे जीव गेले. दोष कोणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण चालकाला क्लच नसलेल्या मोठ्या इलेक्ट्रिक बसचा सराव किती होता, हा प्रश्न तपासात लगेच पुढे आला. विजेच्या गाडीत इंजिन घुरघुरत नाही. रेस वाढल्याची सूचना कानाला मिळत नाही, आणि ताकद मिळते ती पहिल्या क्षणापासून पूर्ण. क्लचच्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ऑटोमॅटिक चालवू शकतोच, असं आपण धरून चालतो. कायद्यानं चालवू शकतो. पायाचं काय?

जपाननं हा प्रश्न पायाच्या बाजूनं हाताळला आहे. २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची गाडी रस्ता ओलांडणाऱ्या लोकांवर गेली. एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. गाडीच बिघडली होती, असं तो खटल्यात म्हणत राहिला. न्यायालयानं ते मानलं नाही, त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१९ या एका वर्षात जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून परवाने परत केले. पण सरकार तिथेच थांबलं नाही. समोर भिंत किंवा गाडी असताना ॲक्सिलरेटर अचानक पूर्ण दाबला गेला, तर तो हुकूम न पाळणारी यंत्रणा सप्टेंबर २०२८ पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक मोटारींना सक्तीची होणार आहे. माणूस चुकणार हे धरूनच गाडी बनवायची. सरकारनं आणि कारखानदारानं केव्हाच करायला हवं होतं ते हेच, असं मला वाटतं.

आपल्या बहुतेक गाड्यांत ती यंत्रणा आज नाही. तेव्हा, ॲक्सिलरेटर अडकला किंवा गाडी आवरेना, तर आधी पाय पूर्ण उचला आणि मग ब्रेक दाबा. एकदाच, दोन्ही पायांनी लागलं तरी चालेल, सोडू नका. मग गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या; फुटलं तरी ते तुमच्यापेक्षा स्वस्त आहे. किल्ली असेल तर ती थोडीच मागे फिरवायची, काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. बटण असेल तर किती वेळ दाबून धरायचं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न काढलेली, असेल. रात्री जेवण झाल्यावर काढून ते एक पान वाचा, आणि उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी ती वरची मॅट उचलून बाहेर ठेवा.