लॅपटॉप कोणता, हे आपणच ठरवू

(जिल्ह्यातील समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



सकाळपासून आपण गंभीर विषयांवर बोललो. मंजूर झालेली पण हातात न पडलेली पोटगी, संरक्षण अधिकाऱ्यांवरचा कामाचा बोजा, पोलिस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलेल्या बायका. त्यानंतर मी लॅपटॉप कसा निवडावा यावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिलं. काही वर्षांपूर्वी मीही हसले असते. एम.एस.डब्ल्यू. करताना केस पेपर कसा लिहायचा ते मी शिकले. तो कशावर लिहायचा आणि कुठे ठेवायचा, हे मात्र एका चुकीतून शिकले. ती चूक आधी सांगते.

आमच्या केंद्राला एका देणगीदाराने लॅपटॉपसाठी पैसे दिले. आम्हा चौघींना त्यातलं काही कळत नाही, असं आम्हीच धरून चाललो. एका विश्वस्तांचा भाचा म्हणाला, "तुमचं काय, चार पत्रं टाइप करायची. मी आणतो." त्याने आणला, आणि मनापासून आणला. ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. सुरू व्हायला दहा मिनिटं. मराठी टाइप करावं तर अक्षर उमटेपर्यंत वाट बघायची. हळूहळू त्याच्यावर फडकं पडलं आणि आम्ही कोर्टासमोरच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात जायला लागलो.

त्या दिवसांत एक बाई आमच्याकडे आली होती. तिचं नाव इथेही घेत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिचा अर्ज करायचा होता. अर्जावर माहेरचा पत्ता होता, पण ती दोन मुलांना घेऊन एका मैत्रिणीकडे राहत होती. संरक्षण अधिकाऱ्यांसाठी आम्ही वेगळं टिपण केलं, त्यात तो पत्ता लिहिला, आणि तेही त्याच दुकानात टाइप करून घेतलं. फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिली. ती कुणी कुणाला दिली ते आजही कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा भाऊ त्या मैत्रिणीच्या दारात उभा होता, हातात आमच्या टिपणाची प्रत घेऊन. रात्री दहाला आम्ही तिला आणि मुलांना दुसरीकडे हलवलं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, इथलं बाहेर जात नाही म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानाकडे बोट दाखवणं सोपं होतं, पण तो कागद दुकानात नेला कुणी? आम्ही. आणि का नेला? तर केंद्रातलं यंत्र कामाला येत नव्हतं म्हणून. रॅम किती आणि डिस्क कोणती, हे प्रश्न असे बाईच्या सुरक्षिततेपर्यंत येऊन पोचतात.

दुसऱ्या वेळी आम्ही दुकानात जायच्या आधी वही घेतली. दोन आठवडे रोज लिहिलं: आज कोणतं काम केलं, कुठे बसून केलं, कुणी केलं, कुठे अडलं. यादी अशी झाली. मराठीत अर्ज आणि अहवाल. एका वेळी आठ-दहा फाइली आणि इंटरनेट उघडं. वकिलांशी व्हिडिओवर बोलणं. धमक्यांची रेकॉर्डिंग आणि फोटो जपून ठेवणं. वस्तीतल्या बैठका, एस.टी.चा प्रवास, दुपारी जाणारी वीज. व्हिडिओ कापण्या-जोडण्याचं काम नाही. या यादीवरून यंत्र ठरलं.

स्वयंपाकघराचंच उदाहरण देते म्हणून रागावू नका. घरात माणसं किती, यावरून कुकर किती लिटरचा ते आपण ठरवतो. तो हिशोब इथेही करायचा. रॅम म्हणजे ओटा: एका वेळी किती कामं मांडून बसता येतील ते त्यावर ठरतं. डिस्क म्हणजे फडताळ: सामान तिथे राहतं.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी घेऊच नका. पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ बरी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते, ती मागून वाढवता येत नाही. म्हणून विचारायचं, "रॅम वाढवायला मोकळी जागा आहे का?"

डिस्क एसएसडीच हवी. तिच्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून ती वेगवान असते आणि एस.टी.चे धक्केही सोसते. आमच्यासारख्या कामाला ५१२ जीबी पुरते.

प्रोसेसरवरून सगळ्यात जास्त फसगत होते. "आय५ आहे, मॅडम" एवढं ऐकून थांबू नका, पुढचा आकडा वाचा. आय५-७२००यू हा सातव्या पिढीचा, आय३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा. नावाने आय५ मोठा वाटतो, पण इथे नवा आय३ त्याच्या पुढे आहे. अलीकडे इंटेलने नवीन मालिकांच्या नावातला 'आय'ही काढला आहे, आणि एएमडीच्या रायझनची नावं वेगळीच. तेव्हा सरळ विचारा, हा प्रोसेसर कोणत्या वर्षी बाजारात आला? आपल्या कामाला साधारण अलीकडचा, मधल्या दर्जाचा पुरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते पैसे रॅमवर घाला.

पडदा १४ इंची आणि फुल एचडी असला म्हणजे मराठी जोडाक्षरं स्पष्ट दिसतात आणि वजन खांद्याला झेपतं. बॅटरीवर वॅट-अवरचा आकडा असतो. बॅटरी ५० वॅट-अवरची आणि यंत्र सरासरी १० वॅट खात असेल, तर पाच तास. जाहिरातीतल्या तासांपेक्षा हा भागाकार खरा. पेन ड्राइव्ह आणि प्रोजेक्टर जोडायला जागा आहेत का, तेही मोजून बघा.

आता आपल्या दृष्टीने कळीची गोष्ट. लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तर नुसत्या पासवर्डाने ती अडत नाही. त्यासाठी एन्क्रिप्शन लागतं, म्हणजे अख्खं फडताळच कुलूपबंद. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर मिळतं. 'होम' आवृत्तीतही बऱ्याच यंत्रांवर एन्क्रिप्शन असतं, पण त्याची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते ते खातं कुणाचं आहे? आमचा पहिला लॅपटॉप भाच्याच्या ईमेलवर सुरू केलेला होता! खातं संस्थेच्या नावाने उघडा. किल्लीचा ४८ आकड्यांचा क्रमांक कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला आणि यंत्राने मागितला, तर आपल्यालाही आपल्या फाइली उघडता येणार नाहीत. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं ठेवा. फाइलींची दुसरी प्रत कुलूपबंद बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या जागी ठेवा.

कंपन्या घरगुती आणि बिझनेस अशा वेगळ्या मालिका काढतात. बिझनेस मालिकेचं दिसणं साधं असतं, पण बांधणी दणकट असते आणि बहुधा जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी घेता येते. आपल्यासाठी हे मोलाचं, कारण यंत्र केंद्राबाहेर जात नाही. काही कंपन्या थोडे जादा पैसे घेऊन खराब झालेली डिस्क आपल्याकडेच ठेवू देतात. एरवी ती बदलून देताना जुनी डिस्क कंपनीकडे जाते, आणि तिच्यावर आपल्या बायकांची आयुष्यं असतात.

पैसे कमी असतील तर मोठ्या कचेऱ्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप हा चांगला मार्ग आहे. पण एक लक्षात ठेवा: विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याच्या आधीचं यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर का देतोय ते समजून घ्या. आणि नवीन घ्यायच्या आधी जुनं उघडून बघा. फडक्याखालच्या त्या लॅपटॉपमध्ये आम्ही एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली. आज त्याच्यावर बचत गटांचे हिशोब चालतात.

दुकानातली गंमत सांगते. आम्ही तिघी आणि सामान उचलायला आमचे हिशोबनीस. दुकानदार पहिली दहा मिनिटं त्यांच्याशीच बोलत होता, "साहेब, हे मॉडेल बघा." आमच्या वस्तीत काम करणाऱ्या ताई सातवी शिकलेल्या. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "रॅम बोर्डावर जोडलेली आहे, की वाढवता येते?" दुकानदार थांबला. मग त्याने खुर्ची वळवली आणि आमच्याशी बोलायला लागला. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक, रॅम, डिस्क, विंडोजची आवृत्ती आणि वॉरंटीची वर्षं ताईंनी लिहून घेतली. त्यानंतरच चेक दिला.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. देणगीदाराला मेळावा दिसतो, फोटो दिसतो. केस पेपर सुरक्षित राहिला याचा फोटो निघत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तेव्हापासून तर असा खर्च मागताना आपण जास्तच संकोचतो. आणि संकोच आपल्याला शिकवलेलाच आहे. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर आपलं, तसंच संस्थेत. माझं म्हणणं आहे, प्रस्तावात स्पष्ट लिहा: गोपनीयता राखायला हे यंत्र लागतं. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. २०२३ साली व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायदा नसता तरी आपण त्या बाईला शब्द दिलेला असतो.

ती बाई पुढे आमच्याकडे येत राहिली. तिचा निवासाचा आदेशही झाला. पण त्या रात्रीनंतर काहीही सांगण्याआधी ती विचारते, "हे कुठे लिहिणार?" आता मी लॅपटॉप तिच्याकडे वळवते आणि दाखवते: हे कुलूप, ही फाइल, आणि ही उघडू शकणाऱ्या आम्ही दोघी. मग ती बोलते.

तुमच्या केंद्रात परत गेलात की आधी वही घ्या. दोन आठवडे काम लिहा. यादी झाली की मला दाखवा, आपण मिळून बसू. दुकानात मात्र तुम्हीच जा.