प्राध्यापकीची पहिली दहा वर्षे

(श्रींच्या वार्षिक उत्सवात महाजन मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या व्यासपीठावरून विद्येविषयी चार शब्द बोलले जावेत, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. त्या चालीला धरूनच, परंतु सहसा ज्याची वाच्यता होत नाही असा एक विषय आज घेतला आहे. विद्यापीठात अथवा महाविद्यालयात नव्याने अध्यापक झालेल्या तरुणाची पहिली काही वर्षे कशी जातात, आणि त्या वर्षांत त्याच्या घराचे व समाजाचे त्याच्याशी काय कर्तव्य असते, हा तो विषय होय.

एक काळ असा होता की, गोव्यात लिसेवचे सातवे वर्ष उत्तीर्ण होणे हीच विद्येची परिसीमा मानली जाई. त्यापुढे पणजीचे १८४२ साली स्थापन झालेले वैद्यकीय विद्यालय तेवढे घरापाशी होते. इतर विद्याशाखांसाठी लिस्बन वा कुइंब्रा गाठावे लागे, नाहीतर घाट चढून बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीस व मडगावास महाविद्यालये निघाली. १९८५ साली गोवा विद्यापीठ कार्यान्वित झाले. ज्या घराण्यांतून पूर्वी शेणवी, कुलकर्णी, व्यापारी आणि कारकून निघत, त्यांतून आता प्राध्यापक निघू लागले. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु अभिमानाच्या भरात तिची दुसरी बाजू झाकली जाते.

ती दुसरी बाजू अशी. आजच्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवी घेऊन वर राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकास आठवड्याचे १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिले, कामाचे एकूण तास ४० धरले आणि परिवीक्षेचा काळ एक वर्षाचा ठेवला. कागदावर ही व्यवस्था सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात अनेकांची कित्येक वर्षे त्या परिवीक्षेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यातच जातात. तोवर तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर नेमणूक असते. सुटी लागली की वेतन थांबते आणि नवे वर्ष सुरू झाले की पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत. याच वर्षांत प्रबंध लिहावयाचा असतो, शिकवण्याची टिपणे प्रथमच तयार करावयाची असतात, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या असतात, आणि घरी आले की सर्वांचा एकच प्रश्न कानी पडतो, "कायम झाला का?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, यात संशय नाही. तथापि त्या प्रश्नाखाली किती विद्या दडपली जाते, हे समजून घ्यावयाचे असेल तर आपल्याच भूमीतील एका पितापुत्रांच्या आयुष्याकडे पाहिले पाहिजे. ते पितापुत्र म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी आणि प्राध्यापक दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचे. लहान वयात लग्न झाले, संसाराची जबाबदारी आली, आणि मन मात्र ज्ञानाच्या तहानेने तळमळत राहिले. बुद्धचरित्राविषयी वाचलेल्या थोड्याशा मजकुराने त्या तळमळीला दिशा दिली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्यांची भ्रमंती झाली. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन केले, सिंहलद्वीपात पाली भाषा आत्मसात केली. सात वर्षांनी, १९०६ मध्ये, ते कलकत्त्यास आले आणि तेथील विद्यापीठात पालीचे अध्यापक झाले. ज्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, त्याला सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारख्या गुणज्ञाने विद्यापीठाचे दार उघडून दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथवरची कथा यशाची आहे. खरी परीक्षा त्यानंतर झाली. पाली वाङ्मयाचा अभ्यास महाराष्ट्रात रुजावा, हा धर्मानंदांचा ध्यास होता आणि कलकत्त्यात राहून तो पुरा होणे शक्य नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे व ग्रंथलेखन करावे. कलकत्त्याची प्रतिष्ठेची व अधिक वेतनाची जागा सोडून धर्मानंदांनी ते ५० रुपये पत्करले. व्यवहारी माणसाने याला वेडेपणा म्हटले असते. परंतु त्या ५० रुपयांतून मिळालेल्या स्वास्थ्यानेच त्यांची पुढील वाट मोकळी झाली. १९१० साली त्यांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक निघाले. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाकडून 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावणे आल्यावरून ते अमेरिकेस गेले. तेथे संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले, तेव्हा स्वाभिमान राखून ते १९१२ मध्ये परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. सहा वर्षांच्या त्या अध्यापनातून पालीच्या विद्वानांची एक पिढीच उभी राहिली. ज्या ग्रंथासाठी ते समुद्र ओलांडून गेले, तो हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला १९५० साली. त्यापूर्वीच, १९४७ मध्ये, त्यांनी सेवाग्राम येथे देह ठेवला होता. विद्येचे पीक किती उशिरा हाती येते, त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

या कथेत आणखी एक व्यक्ती आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ती म्हणजे धर्मानंदांच्या पत्नी बाळाबाई. पती देशोदेशी विद्येच्या शोधात असताना तान्ह्या मुलीला घेऊन त्यांनी सात वर्षे काढली. त्या काळी लोक काय काय बोलले असतील, याची कल्पना आपल्या गावांची रीत जाणणाऱ्यास सहज करता येईल. विद्वानांच्या चरित्रात अशा स्त्रियांच्या वाट्याला एखादी ओळ येते. वास्तविक विद्येचा निम्मा भार त्यांनी वाहिलेला असतो.

आता पुत्राकडे वळू. दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील १९१८ साली पुन्हा हार्वर्डला गेले, तेव्हा अकरा वर्षांचा हा मुलगा त्यांच्याबरोबर गेला. १९२९ साली हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. परंतु पुढील संशोधनासाठी तेथे वृत्ती मिळाली नाही व ते स्वदेशी परतले. बावीस वर्षांच्या या तरुणाला काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवण्याची जागा मिळाली. दोन वर्षांनी, १९३१ मध्ये, ते अलीगढला गेले. तेथे आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती, स्वतः जेमतेम पंचविशीचा, विभागप्रमुख होता आणि हुशार तरुण शोधून जमवीत होता. वेल यांना १९३२ मध्ये ती जागा सोडावी लागली. ज्याने आणले तोच गेल्यावर मागे राहिलेल्या तरुण अध्यापकाची स्थिती काय होते, हे कोणत्याही संस्थेत काम केलेल्या माणसास सांगावयास नको. १९३३ मध्ये दामोदर पुण्यास आले आणि ज्या फर्ग्युसनमध्ये वडिलांनी शिकवले तेथेच अध्यापक झाले.

काशीच्या त्या दिवसांतील एक हकीकत वेल यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे. एका सहकाऱ्याशी दामोदरांचा खटका उडाला होता. त्याची जिरवावी म्हणून वेल यांच्या सूचनेवरून त्यांनी एक शोधनिबंध लिहिला व त्यात बूरबाकी नावाच्या, कधीही अस्तित्वात नसलेल्या गणितीचा हवाला दिला. १९३१ मध्ये तो निबंध खरोखरच छापून आला. पुढे फ्रान्समधील तरुण गणितींच्या ज्या मंडळाने बूरबाकी याच नावाने ग्रंथ लिहून जगभर कीर्ती मिळवली, त्याच्या संस्थापकांत वेल होते. ही हकीकत ऐकून हसू येते. पण नवख्या अध्यापकाला सहकाऱ्यांशी वागताना किती कोंडी सोसावी लागते, हेही तिच्यातून कळते.

तिशीच्या आत तीन संस्था, तीन गावे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर 'अजून स्थिर झाला नाही' असाच शेरा त्यांच्यावर कोणीही मारला असता. आणि याच वर्षांत त्यांनी काय केले? विकलक भूमितीतील त्यांचे जे कार्य पुढे कार्तान आणि चर्न यांच्या नावांसह जगन्मान्य झाले, त्याचा पाया १९३३ पर्यंत घातला गेला. १९३४ साली त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले. फर्ग्युसनमध्ये असतानाच त्यांनी संख्याशास्त्र स्वतःचे स्वतः शिकण्याचे ठरवले आणि त्यासाठी हाताशी असलेले प्रश्न घेतले. एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांचा, दुसरा प्राचीन नाण्यांच्या वजनांचा. नाणे जितकी वर्षे हातोहात फिरते तितके ते झिजते. म्हणून सरासरी वजन किती घटले आणि वजनांतील फरक किती वाढला हे काटेकोर मोजले, तर नाण्यांचा क्रम लावता येतो. असे एकेक नाणे तोलत ते प्राचीन भारताच्या इतिहासापर्यंत पोहोचले. आनुवंशशास्त्रात आजही वापरले जाणारे त्यांचे सूत्र १९४४ सालचे. तेही फर्ग्युसनच्या दिवसांतीलच.

मात्र चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य नाही. त्यांचा स्वभाव तिखट होता, जीभ धारदार होती आणि त्यांचे शिकवणे सामान्य विद्यार्थ्याला जड जाई. बारा वर्षांनी, १९४५ मध्ये, फर्ग्युसनशी त्यांचा संबंध संपला. त्यानंतर डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. तेथेही १९६२ साली त्यांच्या सेवेचा करार पुढे वाढवला गेला नाही. तोपर्यंत प्राचीन भारतीय इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी बदलून टाकणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन सहा वर्षे झाली होती. म्हणजे 'कायम झाला का?' या प्रश्नाला या महापंडिताचे उत्तर अखेरपर्यंत 'नाही' असेच राहिले.

महाजनहो, या दोन चरित्रांतून काय घ्यावयाचे? प्रत्येक तरुण अध्यापक कोसंबी होईल असे नव्हे. तसा आग्रह धरणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे. किंबहुना बहुतेकांकडून अपेक्षा असते ती एवढीच की, त्यांनी प्रामाणिकपणे वाचावे, नेटके शिकवावे आणि आपल्या विषयात लहानशी का होईना, नवी भर घालावी. पण त्या लहान भरीलाही तेच लागते जे धर्मानंदांना लागले: पोटापुरते वेतन, थोडे स्वास्थ्य आणि गुण ओळखणारा एखादा वडीलधारा. सयाजीरावांनी ५० रुपये दिले आणि त्यांबरोबर विश्वासही दिला. लवकर फळ दाखव, असा तगादा त्यांनी लावला नाही.

आपल्या देवस्थानाजवळ संस्थान नाही. परंतु जे आहे ते अगदीच थोडे नाही. विद्यार्थ्यांना दरवर्षी पारितोषिके दिली जातात, शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा सत्कार होतो. हे सर्व स्तुत्यच आहे. पण ही मदत पदवीपाशी येऊन थांबते, आणि खरी निकड तर तेथूनच पुढे सुरू होते. तासिकांच्या वेतनावर राहून प्रबंध पुरा करू पाहणाऱ्या मुलामुलींना सुटीच्या महिन्यांपुरती जरी वृत्ती देता आली, तरी कोणाचे अर्धवट राहिलेले काम पुरे होईल. अग्रशाळेच्या खोल्या उत्सव सोडून वर्षाचा बराच काळ रिकाम्या असतात. त्यांतील एक खोली, एक टेबल व एक दिवा अशा अभ्यासकांसाठी राखून ठेवण्यास खर्च तो किती? ज्या घरात चार माणसे व एकच बैठकीची खोली आहे, त्या घरातील मुलीला त्या शांततेचे मोल विचारावे.

मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. आज अध्यापनाच्या क्षेत्रात मुली मोठ्या संख्येने येत आहेत. त्यांची परिवीक्षेची वर्षे आणि लग्न, बाळंतपण यांची वर्षे बहुधा एकच असतात. बाळाबाईंनी सोसले म्हणून धर्मानंद घडले. आता सोसण्याची पाळी एकट्या सुनेवर न टाकता सासरमाहेरच्या सर्वांनी थोडी थोडी वाटून घ्यावी, हे न्यायाचे होईल.

आणि ज्यांना यांतले काहीच शक्य नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट उरते. ती विनामूल्य आहे. उत्सवात, लग्नकार्यात असा एखादा तरुण अध्यापक भेटला, तर "कायम झाला का?" हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा आणि "सध्या काय वाचतोस? काय शिकवतोस?" असे विचारावे. उत्तर पुरते कळले नाही तरी चालेल. आपले काम कोणीतरी काम म्हणून पाहत आहे, एवढ्या जाणिवेने माणूस आणखी एक वर्ष तग धरतो. आणि विद्येच्या बाबतीत पुष्कळदा एका वर्षाचाच प्रश्न असतो.

अग्रशाळेच्या खोलीची व सुटीतील वृत्तीची सूचना समितीने येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पुरे करणे उचित होईल.