गोळीची पट्टी उलटी करा

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की नांदेड-लातूरकडं घरोघरी शिंका सुरू होतात. मळणी यंत्राची धूळ नाकात, पोती उचलून कंबर धरलेली. मग मोंढ्यातून परतताना माणूस मेडिकलवर थांबतो, "एक सर्दीची द्या, एक अंगदुखीची." दुकानदार पट्टी कातरतो, गोळ्या पुडीत टाकतो. नाव निम्मं कात्रीत गेलं. आत काय आहे, कुणाला ठाऊक?

माझं म्हणणं एवढंच, की गोळी नावावरून ओळखू नका, घटकांवरून ओळखा. नुसती सेटिरिझिन आणि नुसती पॅरासिटामॉल सोबत घेतली तर धडधाकट मोठ्या माणसाला सहसा अडचण येत नाही. पण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. अंगदुखीच्या गोळीत एसिक्लोफेनॅकच्या जोडीला पुन्हा तेच. वर कणकण वाटली म्हणून तिसरी!

वरणात सासूबाईंनी मीठ घातलं, सुनेनं घातलं, जाऊबाईंनीही चिमूटभर टाकलं. कुणी कुणाला विचारलं नाही. वरण निदान पहिल्याच घासाला खारट लागतं, माणूस ताट सरकवतो. पॅरासिटामॉल जास्त झालं तर जिभेला कळत नाही. यकृत मुकाट सोसतं, पहिल्या दिवशी त्रास जाणवतोच असं नाही. मोठ्या माणसाची हद्द चोवीस तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, त्याही अंतरानं. दारू घेणाऱ्यांनी, यकृताचं दुखणं असणाऱ्यांनी बरंच अलीकडं थांबायचं, डॉक्टरांना विचारून.

म्हणून सांगतो, पट्टी उलटी करा. इंग्रजी जमत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा. एकच नाव दोन पट्ट्यांवर दिसलं, की एक बाजूला ठेवा. केंद्र सरकारनं ऑगस्ट 2024 मध्ये 156 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात सेटिरिझिन, पॅरासिटामॉल आणि फिनाइलेफ्रिन ही तिकडीसुद्धा होती. घरातल्या डब्यातली जुनी पट्टी आजच बघा.

आणखी एक. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनवर सेटिरिझिन म्हणजे झोपेवर झोप. तशा डोळ्यांनी मळणी यंत्राजवळ उभं राहायचं नाही, मोटारसायकल काढायची नाही. दमेकऱ्यांनी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काहींचा दमा त्यानं उसळतो. फिनाइलेफ्रिननं रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा बीपीवाल्यांनी मेडिकलवर आधी आपला बीपी सांगावा, मग गोळी मागावी. लेकरांच्या औषधांचं सांगायचं राहिलंच; त्यांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. आणि पट्टीवरचं नाव कापू देऊ नका, बरं का!