राघू



पिंजऱ्यांतल्या पोपटाला पोपट अशी हांक मराठी घरांत क्वचितच ऐकूं येते. कोणी त्याला मिठू म्हणतो, कोणी विठू. माझ्या आजोळीं मात्र तो राघू. रघुनाथ या नांवाचें हें घरगुती रूप. मुलालाहि तेंच आणि पाखरालाहि तेंच. आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं देशी पोपट पाळतां येत नाहींत, आणि तें योग्यच आहे. पण पिंजरा गेला तरी नांव राहिलें.

राघूची जोडी आपण मैनेशीं लावतों, ती पक्षिशास्त्राला धरून नाहीं. मैना साळुंकीच्या कुळांतली. राघूची खरी मादी त्याच्यासारखीच हिरवी, फक्त तिच्या गळ्याला तो काळा-गुलाबी कंठ नसतो. तसाच तारेवर बसणारा आपला वेडा राघू. तो पोपट नव्हे, आणि वेडा तर मुळींच नव्हे. उडती मधमाशी हवेंत पकडून, फांदीवर आपटून मग ती गिळणारा हा पक्षी वेडा कसा?

या शब्दाची खरी श्रीमंती जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनीं सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. अशा ओव्यांत राघू म्हणजे बहुधा पोटचा मुलगा आणि मैना म्हणजे लेक.

हें मला उशिरां कळलें. अर्थ न समजतां घडाघडा म्हणणें म्हणजे पोपटपंची, एवढाच अर्थ मी मास्तर म्हणून जाणत होतों. माझ्या वर्गांत एक मुलगा पाढे चोख म्हणे, पण उदाहरण त्याला सुटत नसे. मी त्याला भर वर्गांत ‘राघू’ म्हणूं लागलों. मुलें हंसत, मलाहि, खोटें कशाला सांगूं, त्या विनोदाचें कौतुक वाटे. एके दिवशीं तो येईनासा झाला. मी घरीं गेलों. आई अंगणांत दळण निवडीत होती. वर न पाहतां म्हणाली, “गुरुजी, मी त्याला लहानपणापासून राघूच म्हणते. आतां त्या हांकेला तो ओ देत नाहीं.”

पुढल्या आठवड्यांत तो शाळेंत आला. मीं त्याला हजेरीपटांतल्या नांवानें हांक मारली. घरीं तो पुन्हा ओ देऊं लागला कीं नाहीं, हें त्या माउलीला विचारण्याचा धीर मला कधींच झाला नाहीं.